मनाचं दुखणं म्हणजे सोंग नव्हे

तपासण्यांत काही सापडलं नाही की बाईला सांगतात, ‘हे मनाचं आहे.’ घरी त्याचा अर्थ होतो, सोंग. मग ती दुखण्याबद्दल बोलायचंच सोडते.

वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली सुधारलेली व्याख्याही वेदनेला शरीराचा आणि भावनांचा अनुभव म्हणते. तीन महिन्यांहून जास्त टिकलेलं दुखणं झोप खातं, झोप गेली की दुखणं वाढतं, मन खचतं. जखम भरली तरी मज्जातंतू चेतलेलेच राहू शकतात. म्हणून डॉक्टरांनी नैराश्यावरची गोळी दिली तर ती वेडाची चिठ्ठी समजू नये. यातल्या काही गोळ्या वेदनेवरही चालतात. झेपेल तेवढा नियमित व्यायाम, समुपदेशन यांचाही उपयोग होतो. दुकानातून आणून रोज घेतलेली दुखण्याची गोळी मात्र पोट नि मूत्रपिंड बिघडवू शकते.

पण ‘विश्रांती घ्या’ हे ऊसतोडणीवरच्या बाईला कोण सांगणार? खाडा झाला की पैसे कापतात. बीड जिल्ह्यात २०१९ साली शासकीय समितीच्या पाहणीत सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. पोटदुखी, अंगावरून जाणं, यावर हाच इलाज! कंबर दुखायची ती अनेकींची दुखतच राहिली.

आपल्या शिबिरांत आपण रक्त तपासतो, लोहाच्या गोळ्या वाटतो. ‘कुठे दुखतं, कधीपासून, आणि तुझं कोणतं काम घरातलं दुसरं कोण उचलेल?’ एवढं विचारायलाही वेळ ठेवू या. शेवटचा प्रश्न नवऱ्यासमोर विचारावा.