भरती-ओहोटी बघून सहल आखा

मैत्रिणींनो, थंडी पडली की घरोघरी किनाऱ्याच्या सहलीचे बेत सुरू होतात. नकाशा ह्यांच्या हातात, पेट्रोलचा हिशेब ह्यांच्याकडे, आणि आपल्याकडे काय? तर लाडू-चिवड्याचे डबे! मग किल्ल्याशी पोचावं तर पाणी चढायला लागलेलं. "तू थांब पिशव्यांपाशी, आम्ही पटकन जाऊन येतो," म्हणून मंडळी निघतात आणि आपण वाळूत बसून चपला राखतो. यंदा आखणीच आपल्याकडे घ्या. ती स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या कॅलेंडरावरून होते, बरं का!

कोळ्यांचा जुना हिशेब असा, की तिथीची पाऊणपट केली म्हणजे भरतीची वेळ निघते. पक्ष शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. म्हणजे पहाटे तीनच्या आणि दुपारी तीनच्या सुमाराला भरती. तिथून सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे सकाळी नवाच्या आगेमागे. अष्टमीला ओहोटी भर दुपारी बाराला येते, पण ते भांगाचे पाणी, फारसे मागे हटत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी लांबवर जाते खरे, पण सकाळी सहाला, चहाच्याही आधी! म्हणून तृतीया ते पंचमी हे तीन दिवस मला सर्वांत सोयीचे वाटतात. अर्थात हा अंदाज झाला. नक्की वेळ मुक्कामाच्या गावी विचारूनच घ्यावी.

आता वाट बघू. तृतीयेच्या आदल्या संध्याकाळी अलिबाग गाठावे. मुंबईकरांना भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट मांडव्याला उतरता येते. ही बोट २०२० पासून सुरू झाली. सामान खोलीत टाकून सकाळी आठला कुलाबा किल्ल्याकडे चालत निघा. पिशव्या राखायला कुणी मागे राहायचं नाही! आत गणपतीचे देऊळ आहे आणि चहूकडे खारे पाणी असताना गोड्या पाण्याची पुष्करणी आहे. नळाला तासभरच पाणी येणाऱ्या आपल्यासारख्यांनी तिथे जरा थांबून बघावे. पाणी परतायच्या आत मात्र बाहेर या. फोटोसाठी रेंगाळणाऱ्यांना तुम्हीच हाकारा, कारण वेळ तुम्हाला ठाऊक आहे.

दुपारी चौल-रेवदंडा. चौल हे फार जुने बंदर. रेवदंड्याला पोर्तुगीजांनी तटबंदीचे शहर वसवले आणि १७४० मध्ये ते मराठ्यांकडे आले. आता नारळी-पोफळीच्या वाड्यांतून चर्चच्या भिंती आणि सातखणी मनोरा उभा दिसतो. नाव सातखणी, मजले उरलेत चार. खाडीपलीकडच्या कोर्लई गावात अजून काही घरांतून पोर्तुगीज वळणाची बोली बोलतात. गावातून जाताना कान उघडे ठेवा.

दुसऱ्या दिवशी मुरूड. राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिऱ्याला जायचे. सिद्दींचा हा जलदुर्ग मराठ्यांना शेवटपर्यंत मिळाला नाही. सिद्दी नवाबांचे संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. होडीतून थेट पायऱ्यांवर उतरावे लागते, ती जागा शेवाळलेली असते. साडी हवीच असेल तर सुती आणि घोट्याच्या वर नेसावी. पायात रबरी तळव्याच्या, मागून पट्टा असलेल्या चपला. होडीवाले वर थांबायला बेताचाच वेळ देतात, म्हणून कलालबांगडी तोफ आणि गोड्या पाण्याचे तलाव आधी पाहून घ्या. पावसाळ्यात होड्या बंद असतात.

संध्याकाळच्या आत आगरदांड्याहून गाडी फेरीबोटीवर चढवून दिघीला उतरा, नाहीतर सगळ्या खाडीला वळसा पडतो. शेवटची फेरी किती वाजता, हे सकाळीच विचारून ठेवा. रविवारी रांग मोठी असते.

जेवणाचे म्हणाल तर स्टोव्ह, पातेली काही नेऊ नका. एका वेळेपुरत्या दशम्या आणि लसणाची चटणी पुष्कळ झाली. किनाऱ्यावर घरगुती जेवण चांगले मिळते, पण माणसे मोजूनच रांधतात, तेव्हा आदल्या रात्री निरोप हवा. सोलकढी आयती पुढ्यात येते, ती दोनदा मागून घ्यावी. गाडी लागणाऱ्या मुलांसाठी आवळासुपारी पुढच्याच पिशवीत ठेवा.

पंचमीच्या सकाळी हरिहरेश्वर. आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, पुन्हा काळभैरव असा दर्शनाचा क्रम. देवळामागची प्रदक्षिणेची वाट कातळातून उतरून थेट समुद्राशी येते आणि ती फक्त ओहोटीची. पंचमीला पावणेचारची भरती म्हणजे सकाळी दहाला ओहोटी, नऊला निघावे. इथे लाटांनी माणसे ओढून नेली आहेत. भरती असेल तर सासूबाईंनी कितीही आग्रह धरला तरी देवळातूनच हात जोडा. "आई, देव इथेही आहे," असं म्हटलं की पुष्कळदा पटतं.

परतताना सवड असेल तर थोडी वाकडी वाट करून मांदाडजवळची कुडा लेणी बघा. दीड-दोन हजार वर्षांपूर्वीची ही बौद्ध लेणी. देणगी देणाऱ्यांच्या शिलालेखांत व्यापारी आहेत, माळी आहेत आणि बायकांचीही नावे आहेत. थोडी चढण आहे, पाण्याच्या बाटल्या भरून न्या.