गिऱ्हाइकाने दिलेली उधारी

दिवाळीच्या तोंडावर तेलगावच्या फाट्यावर तासभर थांबण्याचा योग आला. बीडहून परळीला जाणारा आणि माजलगावहून धारूरकडे जाणारा, असे दोन रस्ते इथे एकमेकांना छेदतात. लोकनेते सुंदरराव सोळंके सहकारी साखर कारखाना इथलाच, त्यामुळे गळीत हंगाम जवळ आला की फाटा गजबजतो. याच दिवसांत बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड टोळ्या पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या वाटेला लागलेल्या असतात. एका बेकरीसमोर ट्रॅक्टर उभा होता. ट्रॉलीत भांडी, गोधड्या, कोयते, आणि त्या सगळ्यावर बसलेली लेकरं.

काउंटरवर दहा-बारा माणसं होती. पुढे एक बाई उभी होती, तिच्या मागून एका गाडीवाल्याने पाचशेची नोट पुढे केली आणि दोन पाकिटं खारी मागितली. पोऱ्याचा हात सवयीने खारीकडे गेला. मालकाने तो तिथेच थांबवला. "आधी मावशीचं," एवढंच तो म्हणाला.

बाईने विचारलं, "दादा, टोस्ट आजचेच हायेत ना? लेकरायला पंधरा दिवस पुरवायचेत." त्या घाईत "हो, आजचेच" म्हणून मोकळं होणं सोपं होतं. मालक म्हणाला, "मावशी, हे कालचे आहेत. आजचे अजून गरम आहेत. गरम माल पिशवीत बांधला तर वाफ धरते, चार दिवसांत नरम पडेल. तुम्हाला लांब जायचंय, हेच घ्या." तिने दोन किलो घेतले. पिशवीचं तोंड त्याने स्वतः घट्ट बांधून दिलं. गाडीवालाही काही न बोलता थांबला होता.

हा प्रसंग जेमतेम दोन मिनिटांचा. पण आपल्या धंद्यातली जी गोष्ट मी गेली कित्येक वर्षं या पानावर मांडायचा प्रयत्न करतो आहे, ती त्या मालकाने दोन शब्दांत सांगितली.

दुकानासमोर गर्दी झाली की आपण म्हणतो, धंदा बरकतीत आहे. खरं पाहिलं तर ज्या घटकेला रांग लागते, त्या घटकेपासून आपल्या डोक्यावर देणं चढायला लागतं. जे गिऱ्हाईक आपल्या दारात वीस मिनिटं उभं राहतं, त्याने आपल्याला वीस मिनिटं उसनी दिलेली असतात. आपण गिऱ्हाइकाला दिलेली उधारी वहीत चढते, तिचा तगादाही लावता येतो. गिऱ्हाइकाने आपल्याला दिलेली ही उधारी कुठल्याच वहीत नसते. तिचा तगादा कुणी लावत नाही. माणूस फक्त पुढच्या वेळी दुसऱ्या दुकानात जातो, आणि आपल्याला वाटतं, बाजारात मंदी आली.

मागच्या वर्षी एका मोठ्या शहरातल्या नावाजलेल्या बेकरीत मी पस्तीस मिनिटं रांगेत होतो. माझा नंबर आला तेव्हा ज्यासाठी थांबलो तो माल संपला होता. तो कधी संपला, हे आतल्या सगळ्यांना ठाऊक असणार. बाहेर येऊन सांगावं, असं कुणाला सुचलं नाही. माझ्या मागच्या आजोबांनी "मग आधी सांगायचं ना" म्हटलं, तर काउंटरवरच्या मुलाने मान वर न करता "पुढे बोला" म्हणून पुढच्याला बोलावलं. तिथली बिस्किटं उत्तम असतात, आजही असतील. पण त्या आजोबांचा चेहरा मला बिस्किटांच्या चवीआधी आठवतो. त्या मुलाचा मला राग नाही. सकाळपासून उभा असलेला मुलगा तो. माल संपला की बाहेर जाऊन सांगायचं, हे त्याला कुणी शिकवलेलंच नव्हतं, आणि ते शिकवणं मालकाचं काम.

माटुंग्याचं रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग 1942 पासूनचं. तिथे जेवायला गर्दी असतेच. पण कुपन घेऊन बसलं की आपला नंबर येणार, हा विश्वास असतो. त्यामुळे थांबणारा माणूस शांतपणे वाट पाहतो. ओळखीचा आला, गाडीतून आला, मोठ्याने ओरडला, म्हणून नंबर बदलू लागला की तीच वाट अपमान होऊन बसते. माणसाला थांबण्याचा त्रास होतो त्याहून अधिक, मागून आलेला पुढे जाताना पाहण्याचा होतो.

पुण्यात चितळ्यांचं दुकान दुपारी एक ते चार बंद असे. 2017 साली ते दुपारीही उघडं राहू लागलं, तेव्हा त्याची बातमी झाली. त्या बंदवर पुणेकरांनी पुष्कळ टीका केली, पण कुणी फसलं नाही. वेळ ठरलेली होती, सर्वांना माहीत होती, आणि नियम सर्वांना सारखा होता. ईस्ट स्ट्रीटवरची कयानी बेकरी 1955 सालची. श्रूजबेरी बिस्किटांसाठी लोक आजही तिथे रांग लावतात, आणि माल संपू शकतो हे धरूनच येतात. माल कमी पडणं हा गुन्हा नव्हे. चांगला माल मोजकाच निघतो, हे गिऱ्हाईक समजून घेतं. समजत नाही ते फक्त न सांगणं.

आता मापाकडे वळू. न्यूयॉर्कची बेगलची दुकानं जगभर प्रसिद्ध आहेत. बेगल म्हणजे आधी उकळत्या पाण्यातून काढून मग भाजलेला, मधे भोक असलेला गोल पाव. रविवारी सकाळी तिथे रांगा लागतात, आणि अनेक दुकानांत डझनभर बेगल घेतले की पिशवीत तेरा पडतात. तेराव्या शतकात इंग्लंडमध्ये पावाच्या वजनाचा कायदा झाला. वजन कमी भरलं तर शिक्षा होई, म्हणून भटारी वरचा एक घालत, अशी या प्रथेची उपपत्ती सांगितली जाते. शिक्षेच्या धाकाने सुरू झालेली गोष्ट पुढे सौजन्य होऊन टिकली. आपल्याकडे भाजीवाली मावशी तोललेल्या वांग्यांवर एक वांगं वर टाकते, तीही हीच रीत. आणि आपण? गर्दीच्या दिवशी खोक्यासकट मिठाई तोलण्याचा मोह अजून अनेकांना सुटत नाही. खोक्याचं वजन मालात धरणं कायद्यात बसत नाही. आणि कायदा घटकाभर बाजूला ठेवला, तरी रांगेत थकलेल्या माणसाच्या हातात पुठ्ठ्याचे पैसे लावलेलं खोकं देणं म्हणजे त्याने उसनं दिलेलं बुडवून वर त्याचा खिसा कापणं आहे.

ताजेपणाचंही तसंच. सुट्ट्या मिठाईच्या ताटापुढे ती कधीपर्यंत खावी याची तारीख लावण्याचा नियम 1 ऑक्टोबर 2020 पासून आहे. अनेक दुकानांत ती पाटी लागली, पण सणाच्या धांदलीत तारीख बदलायची राहते. खारी, टोस्ट, नानकटाईला ही सक्ती नसली, तरी सकाळी एक पाटी लिहायला काय लागतं? कुठला माल आजचा, कुठला कालचा, दुपारची भट्टी किती वाजता निघणार. तेलगावच्या मालकाने जे तोंडाने सांगितलं, ते पाटीवर लिहिलं तर रांगेतल्या प्रत्येकाला न विचारता कळेल. कालचा टोस्ट कालचा म्हणून विकला तर त्यात काही कमीपणा नाही. नीट गार होऊन भरलेला टोस्ट लांबच्या प्रवासाला बरा, हे आपल्याला ठाऊक आहे. ते गिऱ्हाइकालाही सांगावं.

गोव्यातल्या पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, आपण शिकावं असं खूप आहे. तो सायकलच्या मागे टोपली बांधून, भोंगा वाजवत, पहाटे आणि संध्याकाळी दारोदार फिरतो. टोपलीत पाव, पोई, उंडे आणि बांगडीसारखं गोल, खरपूस कांकण. कुठल्या घरी किती पाव लागतात आणि कुठल्या घरी आज पाहुणे आहेत, हे त्याच्या ध्यानात असतं. गिऱ्हाइकाचा वेळ तो घेतच नाही, स्वतःचा देतो. आपल्यापैकी प्रत्येकाला दारोदार जाणं जमणार नाही. पण रोज साडेसहाला दोन लाद्या पाव नेणाऱ्या हॉटेलवाल्याचा माल बांधून ठेवणं, शाळा सुटताना येणाऱ्या लेकरांसाठी क्रीमरोलचा ट्रे पुढे आणून ठेवणं, हे तर जमेल.

मित्रहो, या महिन्यात एक काम करा. गर्दीच्या वेळी तासभर गल्ल्यावरून उठा आणि आपल्याच दुकानासमोर, रांगेच्या शेवटी उभे राहा. घड्याळ पाहा. किती मिनिटं लागली, कोण मधे घुसलं, काटा गिऱ्हाइकाला दिसतो का, पाटी वाचता येते का, म्हाताऱ्या माणसाला टेकायला बाकडं आहे का, हे पाहा. मग आत जा आणि पोऱ्याला रागावण्याआधी स्वतःला विचारा की यातलं त्याला आपण कधी सांगितलं होतं.

त्या दिवशी ट्रॅक्टर सुरू झाला तेव्हा ट्रॉलीतल्या एका लहानग्याने पिशवीची गाठ सोडायला घेतली. आईने त्याचा हात धरला आणि एकच टोस्ट काढून त्याचे दोन तुकडे केले, दोघा भावंडांना दिले. गाठ पुन्हा घट्ट बांधली. ते दोन किलो तिला पंधरा दिवस पुरवायचे होते. कुठल्याशा फडावर, पहाटेच्या थंडीत, काळ्या चहात बुडवलेला पंधराव्या दिवशीचा टोस्ट कुरकुरीत निघाला, तरच त्या मालकाने तिचा वेळ फेडला असं म्हणता येईल. आपल्या मालाची परीक्षा आपल्या काउंटरपासून इतक्या लांब होत असते, आणि तिथे आपण हजर नसतो.