गटाराला जाणारं पाणी

उन्हाळा लागला की पाण्याचा विषय वर्तमानपत्रात पहिल्या पानावर येतो. आपल्या घरात तो त्याच्या आधीच आलेला असतो. नळ दोन दिवसांनी येणार की पाच, पिंपं किती भरून ठेवायची, चादरी कोणत्या दिवशी धुवायच्या, मध्येच पाहुणे आले तर काय करायचं, हा सगळा हिशेब बाईच्या डोक्यात सतत चालू असतो. घरात येणारं पाणी आपण कळशीने मोजतो. पण मैत्रिणींनो, घरातून बाहेर जाणाऱ्या पाण्याचा हिशेब कधी कुणी मांडलाय का?

चला, मांडून बघू या. भुयारी गटार नसलेल्या गावांसाठी पाणीपुरवठ्याचा सरकारी मापदंड माणशी रोज ७० लिटरचा आहे. पाच जणांच्या घराला झाले ३५० लिटर. वापरलेल्या पाण्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं, असं अभियंते धरून चालतात. म्हणजे २८० लिटर. त्यातून संडासाचं वगळलं, तरी अंघोळीचं, भांड्यांचं आणि कपड्यांचं मिळून दोनशेच्या आसपास लिटर पाणी एका घरातून रोज गटाराला जातं. हजार घरांची वस्ती असेल तर रोज दोन लाख लिटर. दहा हजार लिटरचे वीस टँकर! तुमच्याकडे मापदंडाइतकं पाणी येत नसेल तर आकडा कमी होईल, पण एक गोष्ट तशीच राहील. नळाला खाडा असतो, मोरीला नसतो. ऐन मे महिन्यातही रोज न चुकता वाहणारं पाणी गावात एकच असतं, ते म्हणजे हे.

आणि नेमक्या याच पाण्याच्या काठावर आपली झाडं मरतात. जुलैमध्ये वाजतगाजत वृक्षारोपण होतं, फोटो निघतात, लोखंडी जाळ्या बसतात. होळी येईपर्यंत जाळी तेवढी उरते. आत वाळलेली काडी आणि दोन हातांवर भरून वाहणारं गटार, हे चित्र मी किती तरी गावांत पाहिलंय. तुम्हीही पाहिलं असेल. मग बागेसाठी पिण्याच्या पाण्याचा टँकर मागवला जातो.

आपल्या आज्यांनी हे कोडं केव्हाच सोडवलं होतं. न्हाणीचं पाणी परसात जायचं. तिथे अळू, कर्दळ, केळी आणि पलीकडे नारळ किंवा शेवगा असायचा. चिखल नाही, वास नाही आणि वर फदफद्याला पानं! परसं गेली, घराभोवती फरशी आली आणि हे पाणी पाइपातून थेट गटारात गेलं. सोयीचं झालं खरं, पण आजीकडे जी पाण्याची दौलत होती, ती आपल्याकडे घाण ठरली.

अळू-कर्दळीच्या या कामगिरीमागे शास्त्र आहे. पाणथळ जागी वाढणाऱ्या वनस्पतींच्या देठात पोकळ्या असतात. त्यांतून हवा मुळांपर्यंत जाते. मुळांवर आणि भोवतीच्या खडीवर सूक्ष्मजीव राहतात. ते पाण्यातली घाण खातात आणि त्यातून सुटणारं नत्र, स्फुरद झाड शोषून घेतं. जर्मनीत केथे झायडेल या शास्त्रज्ञ बाईंनी १९५० च्या दशकात अशा वनस्पतींकडून सांडपाणी शुद्ध करून घेण्याचे प्रयोग सुरू केले. चिखलातल्या गवताकडून हे काम होईल, यावर तेव्हा फारसा कुणाचा विश्वास नव्हता. आज वनस्पतींचे असे वाफे जगभर वापरले जातात.

‘हे परसात ठीक, शहराला कसं पुरणार?’ असं कुणी विचारलं, तर कोलकात्याकडे बोट दाखवा. त्या शहराच्या पूर्वेला सुमारे १२,५०० हेक्टरचा पाणथळ पट्टा आहे. शहराचं सांडपाणी कालव्यांतून तिथल्या उथळ तळ्यांत सोडतात. ऊन, शेवाळ आणि जिवाणू मिळून ते निवळवतात, त्यात मासे वाढतात आणि पुढे भाताला, भाजीला तेच पाणी मिळतं. हे तंत्र तिथल्या मच्छीमारांनी आणि शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच घडवलं. ध्रुवज्योती घोष या सरकारी अभियंत्याने १९८० च्या दशकात त्याचं मोल जगापुढे आणलं. २००२ मध्ये या पट्ट्याला रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता मिळाली. आता बांधकामांचा विळखा तिथेही पडतो आहे. पण एका महानगराचं पाणी ऊन आणि शेवाळ स्वच्छ करू शकतं, हे त्या पट्ट्याने दाखवून दिलंय.

मी यंत्रांच्या विरोधात नाही. मोठ्या शहरांना ती लागणारच. पण नुसती यंत्रं बसवून भागत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालात देशभरातल्या शहरांचे आकडे आहेत. रोज तयार होणारं सांडपाणी ७२,३६८ दशलक्ष लिटर, उभी असलेली शुद्धीकरणाची क्षमता ३१,८४१ आणि प्रत्यक्ष शुद्ध होणारं पाणी २०,२३६ दशलक्ष लिटर. म्हणजे जी यंत्रणा उभी होती, तीही पुरती वापरात नव्हती. यंत्राला वीज लागते, माणूस लागतो, सुटे भाग लागतात. छोट्या नगरपालिकेला विजेचं बिल भरताना नाकी नऊ येतात. तिथे कर्दळीचा वाफा परवडतो. त्यालाही देखभाल हवी. गाळ काढावा लागतो, वाढलेली झाडं छाटावी लागतात. पण ते काम गावातला माळी करू शकतो.

काही पथ्यं मात्र पाळायलाच हवीत. मोरीचं पाणी वेगळं आणि संडासाचं वेगळं. सेप्टिक टँकचं पाणी मिसळलेल्या उघड्या गटाराचं पाणी उचलून झाडाला घालायचं नाही. वाफ्याच्या आधी जाळी आणि छोटी टाकी हवी, म्हणजे खरकटं आणि तेलकट थर तिथेच अडतो. वाफा साधारण दोन फूट खोल, खडीने भरलेला आणि तळाला अस्तर असलेला. माणशी एक ते दोन चौरस मीटर जागा धरावी. पाणी खडीच्या पोटातून वाहिलं पाहिजे, वर दिसता कामा नये. मग डास होत नाहीत. वापरलेलं पाणी दिवसभरापेक्षा जास्त साठवलं तर त्याला वास सुटतो. कपड्यांच्या पावडरीत सोडियम असतं. त्याने काळी जमीन चिकट आणि कडक होते, म्हणून रोज त्याच आळ्यात तेच पाणी नको. कोथिंबीर, मुळा अशा कच्च्या खाण्याच्या भाज्यांना हे पाणी घालू नये. केळी, नारळ, शेवगा, फुलझाडं आणि रस्त्याकडेची सावलीची झाडं यांना चालतं.

आता माझ्या मनातलं खरं बोलते. ‘पाण्याचा पुनर्वापर करा’ असं व्यासपीठावरून सांगितलं जातं, तेव्हा बादली कोण उचलणार, हे कुणी सांगत नाही. तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला आणि कपड्यांचं शेवटचं पाणी अंगण धुवायला, ही काटकसर आपण सांगण्याआधीपासून करतोय. आणखी दहा बादल्या वाहून गाव हिरवं करायचं असेल, तर ते हिरवेपण आपल्या कंबरेतून उगवणार. ते मला मान्य नाही. म्हणून हे काम बादलीचं नाही, उताराचं आहे. घर बांधतानाच मोरीचा पाइप वेगळा काढला आणि गल्लीच्या टोकाला वाफा केला, तर पाणी आपल्या पायांनी झाडाकडे जातं.

पाइप वेगळा काढायला घरमालक तयार होतील, पण गल्लीच्या टोकाची जागा नगरपालिकेची. म्हणजे हे घरातलं काम गावाच्या कारभारात न्यावंच लागणार. ते होऊ शकतं. वाईसारख्या लहान गावाने २०१८ पासून सेप्टिक टँक तक्रारीची वाट न बघता पाळीपाळीने उपसायला सुरुवात केली. मैल्याची शिस्त लहान नगरपालिकेला लावता येते, तर मोरीच्या पाण्याची का नाही?

महाराष्ट्रात नगरपालिकेतल्या निम्म्या जागा आज बायकांच्या आहेत. तुमच्या वॉर्डात नगरसेविका असेल तर तिला भिशीत, हळदीकुंकवात, जिथे भेटेल तिथे तीन गोष्टी विचारा. नव्या घराला बांधकाम परवानगी देताना मोरीचा पाइप वेगळा काढण्याची अट घालता येईल का? वॉर्डातल्या एखाद्या खुल्या जागेत, निदान वीस घरांसाठी, असा एक वाफा करता येईल का? आणि यंदा लावणार असलेल्या झाडांना मार्च ते जून पाणी कुठून मिळणार, हे खड्डे खणण्याआधी ठरवाल का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘टँकर’ असं आलं, तर वरचा हिशेब तिच्यासमोर मांडा. वॉर्डातली घरं गुणिले दोनशे लिटर. तो गुणाकार आपल्याला जमतो.