इमारतींचे स्वयंचलन आणि आपली मुले

दहावी-बारावीनंतर मुलाने काय करावे, या प्रश्नाला आपल्या घरांतून मिळणारी उत्तरे आजही मोजकीच आहेत : जमल्यास डॉक्टर किंवा इंजिनिअर, नाहीतर शिक्षक, बँक, रेल्वे, पोलीस आणि स्पर्धा परीक्षा. या उत्तरांनी आपल्या मागच्या पिढ्यांना उभे केले, हे कृतज्ञतेने मान्य केलेच पाहिजे. परंतु कायम स्वरूपाच्या सरकारी जागा दुर्मिळ होत असताना, ज्या खासगी क्षेत्रांना कुशल माणसे हवी आहेत त्यांची नावेही आपल्या उंबरठ्यापर्यंत पोहोचत नाहीत. इमारतींचे स्वयंचलन व नियंत्रण हे असेच एक क्षेत्र होय. व्यवहारात त्याला ‘बिल्डिंग मॅनेजमेंट सिस्टिम’ किंवा थोडक्यात ‘बीएमएस’ म्हणतात. या क्षेत्रात काम करताना बनलेले माझे मत असे की, आपल्या मुला-मुलींनी येथे जरूर यावे. मात्र संगणकापुढे बसण्याची सोयीची नोकरी म्हणून येऊ नये, विद्या म्हणून यावे.

हे काम नेमके काय, ते वसतिगृहाच्या उदाहरणाने सांगता येईल. गच्चीवरची टाकी भरताना एक मुलगा वर उभा राहून पाण्यावर लक्ष ठेवतो आणि ‘भरली’ अशी हाक देतो. खालचा मुलगा ती ऐकून मोटार बंद करतो. वर पाहणारा मुलगा म्हणजे सेन्सर, त्याची हाक म्हणजे संदेश आणि ती ऐकून निर्णय घेणारा म्हणजे कंट्रोलर. मोठ्या रुग्णालयात, डेटा सेंटरमध्ये किंवा भुयारी मेट्रो स्थानकात अशा शेकडो-हजारो जोड्या दिवसरात्र चालू असतात. शस्त्रक्रियागृहातील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा किंचित अधिक ठेवावा लागतो, म्हणजे बाहेरची हवा आत शिरत नाही. हवेतून पसरणाऱ्या संसर्गाच्या रुग्णाच्या खोलीत तोच दाब कमी ठेवतात, म्हणजे आतली हवा बाहेर जात नाही. आगीची सूचना मिळताच वातानुकूलनाचे पंखे बंद व्हावे लागतात आणि हवेच्या मार्गांतील झडपा मिटाव्या लागतात. येथे ढिलाई झाली तर प्रश्न केवळ उकाड्याचा राहत नाही. तो माणसाच्या जिवाचा होतो.

या क्षेत्राचा एक उगम शाळेच्या वर्गात आहे, हे या स्मरणिकेच्या वाचकांना आवडावे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, व्हाइटवॉटर येथील शिक्षक-प्रशिक्षण संस्थेत वॉरन जॉन्सन नावाचे प्राध्यापक होते. वर्गातील तापमान पाहण्यासाठी शिपाई वारंवार येई आणि शिकवण्यात खंड पडे. हा त्रास टळावा म्हणून त्यांनी विद्युत थर्मोस्टॅट तयार केला आणि 1883 मध्ये त्याचे पेटंट मिळवले. 1885 मध्ये त्यांनी मिलवॉकी येथे काढलेल्या कंपनीतूनच आजची जॉन्सन कंट्रोल्स उभी राहिली.

आता आपल्याकडील वास्तव पाहू. मुंबई, नवी मुंबई, पुणे येथील आयटी पार्क, मॉल आणि रुग्णालयांत ‘बीएमएस ऑपरेटर’ नावाची जागा असते. आपली अनेक मुले तेथवर पोहोचली आहेत. एसी खोली, समोर संगणक. आई-वडिलांना समाधान वाटते. परंतु बहुतेकदा ही नोकरी कंत्राटी असते. अलार्म आला की नोंदवहीत लिहायचे आणि तंत्रज्ञाला फोन करायचा, एवढेच काम उरते. कंत्राटदार बदलतो, गणवेशाचा रंग बदलतो, खुर्ची मात्र तीच राहते.

या खुर्चीतून उठवणारी गोष्ट म्हणजे यंत्राची जाण. एक साधे उदाहरण देतो. तापमान-दाबाचे अनेक सेन्सर आपले मोजमाप 4 ते 20 मिलिअँपिअर विद्युतप्रवाहाच्या रूपात पाठवतात. सर्वांत कमी मापाला 0 न घेता 4 का घेतले? कारण तार तुटली की प्रवाह 0 होतो, आणि हे माप नसून बिघाड आहे हे तत्काळ कळते. ऑपरेटरला पडद्यावर विचित्र आकडा दिसतो. जाणकाराला त्याच आकड्यात तुटलेली तार दिसते. दुसरे उदाहरण पंख्याचे. अशा यंत्रणेत पंख्याचा वेग 80 टक्क्यांवर आणला, तर त्याला लागणारी शक्ती साधारण निम्म्यावर येते, कारण ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. शाळेत घोकलेला ‘घन’ येथे थेट वीजबिलात उतरतो. हे ज्याला उमगले, त्याच्याकडे मालक सल्ला मागतो.

म्हणून शिकण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी वीज, हवा आणि पाणी. मग नियंत्रणाचे तत्त्व आणि आराखड्यांचे वाचन. शेवटी संगणकीय जाळे. आयटीआयमधील वीजतंत्री, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक किंवा रेफ्रिजरेशन-एअर कंडिशनिंग हे दोन वर्षांचे अभ्यासक्रम पायासाठी उत्तम आहेत. तेथून डिप्लोमाच्या आणि पुढे पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात जाण्याची वाट खुली आहे. त्यानंतर निरनिराळ्या कंपन्यांच्या उपकरणांना परस्परांशी बोलू देणारी ‘बॅकनेट’ ही 1995 मध्ये प्रमाणित झालेली भाषा आणि तिच्याहून जुनी ‘मॉडबस’ शिकावी. शहरांतले काही अल्पमुदतीचे वर्ग भरमसाट शुल्क घेऊन हा शेवटचा टप्पाच आधी शिकवतात. पायावाचून कळस चढवण्याचा तो प्रकार आहे. शिक्षण संपल्यावर पहिली दोन वर्षे नव्या इमारतींच्या कमिशनिंगवर, म्हणजे यंत्रणा प्रथम सुरू करून तपासण्याच्या कामावर घालवावीत. पगार थोडा कमी असला तरी चालेल. मुलींच्या पालकांनीही ही वाट त्यांच्यासाठी नाही असे समजू नये. आराखडा, प्रोग्रॅमिंग आणि तपासणी ही कामे मुली समर्थपणे करतात.

यावर पालकांचा एक रास्त आक्षेप असतो : इतके शिकून मुलाने पुन्हा पाना आणि पेचकसच हाती घ्यायचा का? ज्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या श्रम लादले गेले, त्यांच्या मनात ही शंका येणारच. परंतु जन्मावरून लादलेले काम आणि स्वतः निवडून, शिकून, मोबदला ठरवून केलेले काम यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1942 मध्ये व्हाइसरॉयना सादर केलेल्या निवेदनात विज्ञान-तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी साहाय्य मागितले, आणि त्याचबरोबर सरकारी छापखाने व रेल्वेच्या कार्यशाळांतून आपल्या मुलांना उमेदवारी मिळावी अशीही मागणी केली. कार्यशाळेत शिकणे त्यांना कमीपणाचे वाटले नव्हते.

खरी अडचण वेगळी आहे. खासगी क्षेत्रात आरक्षण नाही आणि पुष्कळ जागा जाहिरात येण्यापूर्वीच ओळखीने भरल्या जातात. ज्याच्या नात्यागोत्यात या क्षेत्रातले कोणी नाही, त्याला जागा निघाल्याचे कळतही नाही. ही ओळख आपण माजी विद्यार्थ्यांनीच व्हायला हवे. आपल्या कंपनीत उमेदवारीच्या जागा निघाल्या तर शाळेला कळवणे, सुट्टीत पाच-सहा मुलांना एखाद्या इमारतीचे यंत्रघर दाखवून आणणे, कार्यालयांतून मोडीत निघालेले कंट्रोलर आणि सेन्सर रीतसर परवानगीने मिळवून शाळेच्या प्रयोगशाळेला देणे, यांपैकी कशालाच मोठा निधी लागत नाही.

विद्युत, वातानुकूलन किंवा नियंत्रण क्षेत्रात असलेल्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याने आपले नाव आणि कामाचे स्वरूप शाळेच्या कार्यालयात नोंदवावे, अशी माझी नम्र विनंती आहे. सुरुवातीला दहाच नावे जमली, तरी यंदा दहावी होणाऱ्या मुलाला सल्ला विचारण्यासाठी दहा दारे उघडी होतील. आपल्यापैकी अनेकांना त्या वयात असे एकही दार ठाऊक नव्हते.