स्वस्ताई कोणाच्या खिशातून?

अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी मागणी-पुरवठ्याचा नियम शिकवला. माल कमी आला की भाव चढतो आणि भाव चढला की शेतकरी जास्त पिकवतो. सर्वांनी तो वहीत उतरवला. मला मात्र नाशिक जिल्ह्यातले आमचे कांद्याचे वावर आठवले. तिथे भाव चढू लागला की आधी दिल्लीचा हुकूम येतो!

२०२३ साली मी बारावीत होतो. ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसवले. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य ठरवले आणि ८ डिसेंबरपासून निर्यातच बंद केली. भाव कोसळले, लिलाव बंद पडले.

शहरातले मित्र विचारतात, "भाव पडला तर थोडे थांबून का विकत नाही?" मित्रहो, उन्हाळ कांदा चाळीत काही महिने टिकतो, पण त्या दिवसांत निघणारा लाल कांदा पाणीदार असतो, तो साठवणीचा नव्हे. काढला की विकावाच लागतो. वडिलांनी मिळेल त्या भावाला दिला. गाडीभाडे जाऊन हातात काय उरले ते पाहून ते एवढेच म्हणाले, "खतवाल्याचे भागेल. तुझ्या कॉलेजचे पुढे बघू." आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. ती चढलो, कारण आईने दोन शेळ्या विकल्या.

बंदी ४ मे २०२४ रोजी उठली, तीही शुल्कासह. ते शुल्क पुरते जायला १ एप्रिल २०२५ उजाडला.

गरिबाच्या भाकरीवरचा कांदा महागू नये, हे मला मान्य आहे. मीही आता वसतिगृहात राहतो, मेसचे बिल मलाही भरावे लागते. परंतु ही स्वस्ताई एकट्या कांदेवाल्याच्या खिशातून का? ती सरकारी तिजोरीतून का नको? त्याच २०२३ च्या सुरुवातीला भाव मातीमोल झाले, तेव्हा राज्य सरकारने क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केले, हे खरे. पण ती मलमपट्टी झाली. भाव पडला की बाजाराचा नियम आणि चढला की सरकारचा, हा कोणता न्याय?

यात परदेशचे गिऱ्हाईकही दुरावते. २०१९, २०२० आणि २०२३ अशी पाच वर्षांत तीनदा बंदी आली. ऑक्टोबर २०१९ मध्ये बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना यांनी दिल्लीतच हसत हसत सांगितले की, आपण स्वयंपाक्याला कांदा घालू नको म्हणून बजावले आहे. यापुढे निदान आधी कळवत जा. त्यांच्या व्यापाऱ्यांनी मग इजिप्त, तुर्कस्तान, म्यानमारचा कांदा आणला. ज्या दुकानाचे दार कधी बंद होईल याचा नेम नाही, तिथे कोण पुन्हा पुन्हा जाईल?

१९८० साली शरद जोशींच्या हाकेवर याच जिल्ह्यातले शेतकरी कांद्याच्या भावासाठी रस्त्यावर उतरले होते. आजोबा त्या गोष्टी अजून सांगतात. माझे मागणे त्याहून लहान आहे. निर्यातीचे धोरण रोप टाकण्याआधी जाहीर करावे आणि पीक निघेपर्यंत बदलू नये. बदलणे भागच पडले, तर अडकलेल्या मालाची भरपाई द्यावी. शेतकरी पावसाचा जुगार खेळतोच. त्याला हुकमांचाही जुगार खेळायला लावू नये.

एवढे झाले तर सरांनी शिकवलेला नियम आमच्या वावरातही खरा ठरेल, आणि कोणा आईला मुलाच्या कॉलेजसाठी शेळ्या विकाव्या लागणार नाहीत.

— द्वितीय वर्ष, कला