सुई टोचताना पालकाला मुलाजवळ राहू देण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
शासकीय रुग्णालय

विषय : बालकर्करोग कक्षातील मुलांच्या वेदना कमी करण्याबाबत.

महोदय,

आमची मुले आपल्या कक्षात उपचार घेत आहेत. बहुतेकांना रक्ताचा कर्करोग आहे. हा उपचार दोन ते तीन वर्षे चालतो आणि मणक्यात औषध सोडण्यासाठी पाठीत पुन्हा पुन्हा सुई टोचावी लागते. डॉक्टर आणि सिस्टर जीव ओतून काम करतात. मात्र त्या वेळी पालकांना बाहेर काढतात, ते थांबावे, ही आमची मुख्य मागणी आहे.

मुलाला कुशीवर वळवून, गुडघे पोटाशी घेऊन दोघे जण घट्ट धरतात. आई दाराबाहेर त्याच्या हाका ऐकत उभी असते. पुढच्या खेपेला रुग्णालयाचे फाटक दिसताच मूल रडू लागते. आई मास्क लावून, हात धुऊन डोक्याशी बसली, ओळखीचे गाणे म्हणाली, तिने साबणाचे फुगे फुंकायला लावले, तर मूल लांब श्वास सोडते, अंग सैल होते आणि डॉक्टरांचेही काम सोपे होते. सलाईन लावताना मुलाला आडवे दाबून धरण्यापेक्षा मांडीवर, छातीशी कवटाळून बसवू द्यावे. तान्ह्या बाळाला अंगावर पाजू द्यावे. ज्या पालकाला आत थांबणे सोसवत नाही, त्याच्यावर सक्ती नको. आजी किंवा मावशी बसेल.

आम्हालाही शिकवायला हवे. “काही दुखणार नाही” असे आम्ही सांगतो आणि मुलाचा आमच्यावरचा विश्वास उडतो. काय होणार, किती वेळ दुखेल, हे त्याला कळेल असे कसे सांगावे, याचे मार्गदर्शन समुपदेशकाने दर आठवड्याला करावे.

नुसत्या मायेने वेदना जात नाही, हे आम्ही जाणतो. त्वचा बधिर करणारे मलम तासभर आधी लावावे लागते. ते कक्षातच मिळावे, ऐनवेळी बाहेरून आणायला सांगू नये. बोन मॅरो तपासणीत सुई हाडात जाते. तिथे मलम पुरत नाही, गुंगी आणि भूलतज्ज्ञ हवेच. भुलेच्या दोन तास आधीपर्यंत सहसा पाणी देता येते, तरी मुले रात्रीपासून दुपारपर्यंत कोरडी राहतात. म्हणून यादीत लहानांना आधी घ्यावे. शिवाय सुया टोचण्याचे काम खाटेवर न होता वेगळ्या खोलीत व्हावे. खाट तरी मुलाला सुरक्षित वाटू द्या.

पालकाला आत घेण्यास शासनाचा एक रुपयाही लागत नाही. त्याचा लेखी आदेश पुढच्या प्रोसिजरच्या दिवसाआधी काढावा आणि उरलेल्या मागण्यांवर चर्चेसाठी आम्हाला वेळ द्यावी, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
बालकर्करोग कक्षातील पालक