गर्दीतला गळ

अलास्कातल्या अँकरेज शहरात, रेल्वेच्या रुळांलगत शिप क्रीक ही छोटी नदी वाहते. जूनमध्ये भरतीबरोबर किंग सॅमन वर चढतो आणि चिखलात माणसे खांद्याला खांदा लावून गळ टाकतात. मासे बहुतेक सरकारी केंद्रात वाढवून सोडलेले. म्हणून रसिक मंडळी नाक मुरडतात. मला ते पटत नाही. रानातल्या नदीवर विमानाने जाणे ज्यांना परवडत नाही, त्यांनी काय करावे?

कुणाला मासा लागला, की आरोळी उठते आणि शेजारी निमूट आपापल्या दोऱ्या गुंडाळतात. लोकलमध्ये एवढे सौजन्य मी पाहिलेले नाही!

माझ्याशेजारच्या पोराचा मासा पाठीत गळ रुतून आला. गळ तोंडात नसेल तर मासा सोडायचा, असा कायदा. पोराने बापाकडे पाहिले. बाप गप्प. पोराने गळ सोडवला आणि मासा पाण्यात सोडला.